कोआलाचे कान

त्या कोआलाचे दोन्ही कान हनुवटीला होते.

राखाडी रंगवलेली कागदी ताटली, मधोमध काळं लांबुळकं नाक, नाकाच्या जरा वर एकच डोळा (दुसरा गळून कुणाच्या तरी बुटाला चिकटला होता) आणि खाली, दाढी असावी तसे, कापसाचे दोन कान शेजारी शेजारी. करणारा साडेतीन वर्षांचा. तो जेवून झोपला होता आणि मी टेबल पुसत होते. डिंक अजून ओला होता. मी ते दोन्ही कान उचलले आणि जिथे असायला हवेत तिथे लावून टाकले. आपण काही वावगं करतोय असं मनातही आलं नाही. भाजीला मीठ कमी दिसलं की टाकतोच ना आपण, तसं.

चारच्या सुमाराला त्याची आई आली. मी ताटली त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटी केली. वाचता येत नव्हतं, पण नावाचं पहिलं अक्षर ओळखीचं होतं. परत सुलटी केली, नीट बघितली आणि मला परत देत म्हणाला, "हा माझा नाही." आई म्हणाली, अरे, मागे नाव तुझंच आहे. तो म्हणाला, नाव माझं आहे, कोआला माझा नाही.

आमच्या वर्गाची रूम लीडर वीसेक वर्षं याच कामात मुरलेली. ती रागावली नाही. संध्याकाळी ब्रश धुताना तिनं एवढंच विचारलं, "कान कुणी लावले?" मी सांगितलं. "त्याला विचारलं होतंस?" मी गप्प. "पुढच्या वेळी हात खिशात ठेव." मी त्या दिवशी घातलेल्या पँटला खिसे नव्हते. शनिवारी जाऊन मी खिसे असलेल्या दोन पँट घेतल्या.

ही मेलबर्नच्या पश्चिमेच्या उपनगरातली, टार्नीटजवळची गोष्ट. मी तेव्हा शिकाऊ होते. लहान मुलांबरोबर काम करायचं तर इथे सर्टिफिकेट थ्री नावाचा अभ्यासक्रम करावा लागतो आणि त्यात प्रत्यक्ष वर्गातल्या सरावाचे तास भरावे लागतात. आता ते किमान १६० आहेत. 'ऑस्ट्रेलियातले प्राणी' हा आठवडा माझ्याकडे दिला होता आणि ताटल्यांची कल्पना माझीच होती. आज वाटतं, कान हलवणं ही दुसरी चूक. पहिली चूक, वीस मुलांपुढे वीस सारख्या ताटल्या ठेवणं.

पण हे मला कुणी आधी शिकवलं होतं? मी अकरा वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत बाई होते. पहिली-दुसरीचे वर्ग, पटावर पन्नासच्या वर मुलं. कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात होता आणि तो बहुतेक वेळा गणितात जायचा. केंद्रप्रमुख येणार म्हटलं की मात्र कातरकाम, चिकटकाम, घडीकाम, ठसेकाम, मातीकाम असं सगळं एकदम जागं व्हायचं. मुलांनी घोटीव कागदाची फुलं करायची आणि आम्ही शिक्षिकांनी संध्याकाळी शाळेत थांबून ती सरळ करायची, पाकळ्या मापात कापायच्या, खळीचे ओघळ पुसायचे. घरून आलेल्या वस्तूंचं तर विचारूच नका. काडेपेट्यांचा सोफासेट, आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला, करवंटीचं कासव. ते कासव बघून सहा वर्षांच्या मुलानं केलंय यावर कुणाचाही विश्वास बसला नसता, केंद्रप्रमुखांचाही नाही. तरी तेही "वा, छान" म्हणायचे. सगळ्यांनी मिळून पाळायचं ते एक सभ्य खोटं होतं. रुखवतासारखं. मांडायचं नवरीनं केलं म्हणून, करायचं मावशीनं.

त्यामुळे कोआलाचे कान सरळ करताना माझा हात कचरला नाही. त्या हाताला तेच वळण होतं.

इथली व्यवस्था वेगळी आहे, हे मान्य. व्हिक्टोरियात तीन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक मोठं माणूस, तीन वर्षांवरच्या अकरांमागे एक. आमच्या चार वर्षांच्या किंडरच्या वर्गात बावीस मुलं आणि आम्ही दोघी. पन्नास मुलांच्या वर्गात हात खिशात ठेवून उभं राहता येत नाही, हे मी गावाकडच्या माझ्या मैत्रिणींच्या बाजूनं आधीच सांगून टाकते. त्यांना कुणी शिकवायला जाऊ नये.

आता वर्गात माझी सकाळ उकड काढण्यानं सुरू होते. दोन कप मैदा, कपभर मीठ, दोन मोठे चमचे क्रीम ऑफ टार्टर, दोन चमचे तेल, दोन कप उकळतं पाणी. इथले सगळे याला प्लेडो म्हणतात आणि कृतीचा कागद सेंटरच्या ओट्यावर चिकटवलेला असतो. पहिल्या दिवशी तो वाचून मला हसू आलं. पाणी उकळायचं, पीठ टाकायचं, ढवळायचं, जरा झाकून ठेवायचं आणि गरम असतानाच तेलाचा हात लावून मळायचं. मोदकाची उकड! फक्त मीठ खारट लागेल इतकं. ते मुद्दामच, म्हणजे गोळा टिकतो आणि चाखलेला घास कुणी दुसऱ्यांदा चाखत नाही. क्रीम ऑफ टार्टर काय ते मला माहीत नव्हतं. नंतर कळलं की द्राक्षांची वाइन मुरताना पिंपाच्या आतून जे खडे धरतात त्यांचीच ती पूड, आणि तिच्यामुळे गोळा मऊ आणि लवचिक राहतो. तासगावच्या द्राक्षमळ्यांशेजारी वाढलेल्या मला हे मेलबर्नमध्ये कळावं! एका मुलाला गव्हाचं चालत नाही. त्याच्या वर्षी आम्ही सगळ्यांसाठीच तांदळाच्या पिठाची केली. ती तर अगदी मोदकाचीच. फक्त सारण नाही.

तांदळावरून आठवलं. दोन वर्षांच्या मुलांच्या खोलीत एक मोठा उथळ टब असे आणि त्यात रंगवलेला तांदूळ. निळा, गुलाबी, हिरवा. मुलं त्यात हात खुपसत, कपानं भरत, ओतत. बोटांना, कानांना, डोळ्यांना एकदम काम मिळतं, हे खरं. पण अर्धा तांदूळ जमिनीवर आणि त्यावरून सगळ्यांचे बूट. आपल्याकडे तांदूळ पायाला लागतो तो नवी सून माप ओलांडते तेव्हा, तोही मान राखून. मी वाकून दाणे वेचायची आणि वेचलेले कुठे टाकायचे ते कळायचं नाही. कचऱ्याच्या डब्यात हात जाईना. बरेच दिवस मी काही बोलले नाही. नवीन माणसानं देशात आल्या आल्या तांदळावरून वाद कशाला काढावा? मग एका मीटिंगमध्ये व्हिएतनामी घरातली माझी एक सहकारीण बोलली की तिला हे बघवत नाही. मी लगेच हात वर केला. कुणी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात टबात वाळू आली, मग लाकडाचा भुसा, मग पाणी.

भेंडीच्या ठशांचं मात्र मला काही वाटलं नाही. जून भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक शाळेला ठाऊक आहे. इथे ते बघून रूम लीडरनं टाळ्या वाजवल्या. सहकारिणीनं बरोबर पकडलं. "तांदूळ अन्न, मग भेंडी काय?" मी म्हटलं, जून भेंडी कुणी खात नाही. या उत्तरात तर्क किती आणि सोय किती, ते मी अजून तपासलेलं नाही.

वर्गाच्या कोपऱ्यात चाकांची एक गाडी असते, कोलाजची. तिच्यात दोऱ्यांची गुंडाळी, कापडाच्या चिंध्या, बुचं, लोकरीचे तुकडे, पुठ्ठे, आणि टोपल्यांमधून निलगिरीची बोंडं, बॅंक्सियाचे खवलेदार कोन, पेपरबार्क झाडाची कागदासारखी सुटणारी साल. गाडी उघडी. मुलांनी हवं ते घ्यायचं, हवं ते करायचं. टॉयलेट रोलची नळी काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी स्वच्छतेच्या कारणानं चालत नाही, आमच्याकडे नाही. पहिल्यांदा ती गाडी बघितली तेव्हा मनात नाव आलं ते ताराबाई मोडकांचं. डी.एड.ला असताना त्यांच्यावर टीप लिहिली होती, पाच मार्कांची. बोर्डी, १९४५, अनुताई वाघ, १९५७ साली कोसबाडची टेकडी, पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा. आणि महागड्या मॉंटेसरी साहित्याऐवजी शिंपले, बिया, खडे, पानं. हे सगळं मी पाठ केलं, पाचपैकी साडेचार मिळवले आणि अकरा वर्षं एकही बी वर्गात आणली नाही. प्रदर्शनात बी शोभत नसे ना. इथे टोपलीतली निलगिरीची बोंडं हातात घेतली आणि त्या टिपेचा अर्थ पहिल्यांदा लागला. इथल्या सहकाऱ्यांना प्रेरणा म्हणून इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या शाळांचं नाव माहीत असतं. मी त्यांना कोसबाडचं सांगते. उच्चार त्यांना जमत नाही. पण गुरांमागे चालणारी शाळा म्हटलं की सगळे ऐकतात.

कात्रीबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण मी शिंप्याची मुलगी.

आमच्या घरात कात्रीला हात लावायची सोय नव्हती. वडील म्हणत, कापडाच्या कात्रीनं कागद कापला की धार गेली. आई म्हणे, रिकामी कात्री वाजवू नये, घरात भांडणं होतात. दोघांचं मिळून असं की मला दहाव्या वर्षापर्यंत कात्री धरता येत नव्हती. इथे तीन वर्षांच्या मुलांच्या टेबलावर कात्र्यांचं भांडं असतं. लहान, गोल टोकाच्या, पण खऱ्या, कापणाऱ्या. पहिल्या दिवशी मी ते भांडं गुपचूप वरच्या फळीवर ठेवून दिलं होतं.

मग शिकले. कात्रीचीही बाराखडी असते. आधी कागद नाहीच. प्लेडोचा लांब साप वळायचा आणि त्याचे तुकडे करायचे. तो निसटत नाही, हलत नाही. मग कागदाच्या अरुंद पट्ट्या, एका कातरीत तुटतील अशा. मग झालर. मग सरळ रेघ, मग वळण, आणि गोल सगळ्यात शेवटी, कारण गोल कापताना कात्री नाही, कागद फिरवायचा असतो आणि हे दुसऱ्या हातानं करायचं असतं. अंगठा वर, आकाशाकडे. तो खाली वळला की मनगट मुडपतं. डावखुऱ्यांची कात्री वेगळी येते, पाती उलट बसवलेली. ही गोष्ट मी वडिलांना फोनवर सांगितली तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या दुकानात एक कारागीर होता डावरा. जन्मभर उजव्या कात्रीनं कापलं त्यानं. बोटाला घट्टा पडला होता."

जन्मतः मनगटातली आठही हाडं कूर्चेची असतात. एकेक करत ती पक्की होत जातात. शेवटच्याला आठ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. चार वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं ते हट्टानं नाही, त्याचा हात अजून तयार होतोय म्हणून. माझ्या साडेतीन वर्षांच्या भाचीला चार रेघी वहीत पानभर 'ए' काढायला लावतात आणि ती रडते. मी फोनवरून वहिनीला सांगते, तिच्या हातात पेन्सिल देण्याआधी पिठाचा गोळा दे, कपडे वाळत घालायचे चिमटे दे. वहिनी म्हणते, ताई, तुमचं बरोबर आहे हो, पण प्रवेशाच्या वेळी चिमटे नाही विचारत कुणी. तिचंही खोटं नाही.

रंगांचं थोडक्यात सांगते. लाल, पिवळा, निळा एकदम ठेवले की दहा मिनिटांत प्रत्येक कागद तपकिरी होतो. ते टाळायचं असेल तर एका वेळी दोनच रंग द्यावेत. पण टाळायचंच कशाला? आमच्यात एक मुलगी होती, ती महिनाभर रोज तपकिरी करायची. मन लावून, थर देत देत, कागद फाटेपर्यंत. पाचव्या आठवड्यात तिनं तपकिरीच्या कडेला एक पिवळा ठिपका ठेवला आणि ब्रश खाली ठेवला. झालं म्हणाली. अमेरिकेत ऱ्होडा केलॉग नावाच्या बाईंनी जगभरातून लहान मुलांची लाखो चित्रं जमवली आणि त्यातून गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार काढले. ते मी वर्गात शोधत बसते. पाखरं बघणारे लोक असतात ना, तसा छंद. डोक्यालाच पाय फुटलेला तो बेडूकमाशासारखा माणूस मात्र इथेही तसाच येतो, जसा सांगलीला पाटीवर यायचा.

फेब्रुवारीत रंगकाम बाहेर. यूव्हीचा आकडा ३ झाला की टोपीशिवाय मूल अंगणात जात नाही आणि आम्हीही नाही. उत्तरेचा गरम वारा सुटला की ईझलवरचे कागद उडून शेजाऱ्याच्या अंगणात. नंतर निरीक्षणं लिहायची. देशभरासाठीचा बालशिक्षणाचा आराखडा इथे २००९ मध्ये आला, २०२२ मध्ये सुधारला. त्यातल्या पाच निष्पत्तींशी मुलाचं काम जोडून पालकांना ॲपवर पाठवायचं. कल्पना चांगली आहे. पण त्या पिवळ्या ठिपक्यावर मी दोनशे शब्द लिहिले आणि तेवढ्या वेळात टेबलावर काय काय घडून गेलं ते बघायचं राहिलं. आम्ही फार लिहितो, असं माझं स्पष्ट मत आहे. तेही मी इथे लिहितेय, ते सोडा.

एक चूक मात्र कानांपेक्षा मोठी होती. जुलैचा पहिला आठवडा, नायडॉक वीक. इथल्या आदिवासींचा आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासीयांचा. मी आदल्या रात्री पुठ्ठ्याची बावीस बूमरॅंग कापली, गेरूचे रंग कालवले, कान कोरायच्या कापसाच्या काड्या ठेवल्या. मुलांनी ठिपके काढायचे. सुंदर दिसत होतं सगळं, दोरीवर टांगलं तेव्हा तर फारच. संध्याकाळी एक वडील मुलीला न्यायला आले. ते स्वतः ॲबोरिजिनल. बराच वेळ दोरीखाली उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "ही कुणाची गोष्ट आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मग मी वाचलं. ठिपक्यांची चित्रं वाळवंटातल्या लोकांची. इथून जवळपास दोन हजार किलोमीटरवर. पपुन्या नावाच्या वस्तीत १९७१ साली जेफ्री बार्डन हा चित्रकलेचा शिक्षक आला. मुलं काउबॉय काढत होती. तो म्हणाला, तुमच्या वाळूतल्या खुणा काढा. त्यातून वस्तीतली वडीलधारी माणसं पुढे आली, त्यांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांची कथा रंगवली, मग फळ्यांवर, मग कॅनव्हासवर. १९७२ मध्ये त्यांची स्वतःची कंपनी उभी राहिली, पपुन्या तुला. प्रत्येक चित्रात एक जागा, एक कथा, आणि ती सांगायचा हक्क ठरावीक माणसांचा. काही खुणा परक्यानं बघायच्याच नसतात. त्यावरून त्यांच्यातच मोठे वाद झाले. शाळेच्या भिंतीवरचं चित्र १९७४ मध्ये रंग फासून पुसलं गेलं. आणि आमची शाळा जिथे आहे ती वेरिबी नदीच्या आसपासची जमीन बूनवुरुंग, वदावुरुंग, वुरुंजेरी लोकांची. त्यांचे रेघांचे नमुने निराळेच. मी केलं ते असं की कुणी पंजाबात 'भारतीय आठवडा' म्हणून मुलांकडून कोकणातलं काहीतरी अर्धवट करून घ्यावं.

त्याहून टोचलं ते दुसरंच. सांगलीला मी दरवर्षी मडक्यांवर वारली काढून घेत असे. पांढरा रंग, त्रिकोणांची माणसं, तारपा वाजवणारा एक, झालं. वारली चौक लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायचा, तो सवाष्णींनी, त्यात पालघट देवी असते, हे मला मेलबर्नमध्ये बसून कळलं. ती चित्रंही सत्तरच्या दशकातच भिंतीवरून कागदावर आली. डहाणूकडे गेलेल्या भास्कर कुलकर्णींनी जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद दिला. पपुन्याचीही तीच वर्षं. दोन खंड, दोन मास्तरसारखी माणसं. आणि ताराबाईंचं कोसबाड त्याच वारल्यांच्या मुलखात, हे तर पाच मार्कांच्या टिपेतही होतं. मला अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही की ही कुणाची गोष्ट. विचारणारा वर्गातच नव्हता.

बूमरॅंग मी त्याच रात्री उतरवली. आता त्या आठवड्यात गेरू असतो, कोळसा असतो, पेपरबार्कची साल असते, ठिपके नसतात. त्या वडिलांना आम्ही बोलावलं, ते आले, मुलांना घेऊन कुंपणापर्यंत गेले आणि कोणत्या झाडाचं काय होतं ते दाखवलं. काहीही चिकटवलं नाही.

फादर्स डेचे कागदी शर्ट-टायही आता करत नाही. इथे तो सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी असतो. कुणाला दोन आया, कुणाला फक्त आजोबा. एका मुलानं टाय रंगवून कुत्र्याला दिला. तो आनंदात होता, पण दुसरी एक मुलगी नव्हती. आकाशकंदिलाचं उलटं झालं. मी कामट्या, पतंगी कागद, दोरा नुसता ठेवून दिला, नमुना दाखवलाच नाही, आणि दिवाळीच्या आठवड्यात वर्गात एक पिंजरा, एक रॉकेट आणि एक पावसाळी छत्री तयार झाली. त्यांच्यात दिवे लावले. मराठी पालकांपैकी एकानं फोटो पाहून कळवलं, कंदील पोचले नाहीत का?

पालकांचं हेच असतं. दिवसाला इतके डॉलर भरतो, मूल घरी काय आणतं? तपकिरी कागद! त्यांना दोष कसा देऊ, मी त्यांच्यातलीच.

गेल्या वर्षी एका मुलाची आजी सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. नऊवारी, अंगावर लेकाचं जाड जाकीट, पायात मोज्यावर चप्पल. न्यायला रोज त्याच येत. मुलं मला माझ्या नावानं हाक मारतात, इथली पद्धतच ती. आजींनी पहिल्याच दिवशी मला "अहो बाई" म्हटलं आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. चौथ्या दिवशी त्यांनी नातवाचं चित्र माझ्यापुढे धरलं.

"अहो बाई, हे काय हो? नुसता चिखल दिसतोय."

"त्यानं रंग कालवून बघितले, आजी."

"ते दिसतंय. तुम्ही काय शिकवलंत?"

उत्तर तयार होतं, आराखड्यातल्या निष्पत्तींसकट. मराठीत ते तोंडातून येईना. मी म्हटलं, "एक दिवस सकाळी या ना. बसा आमच्यात."

त्या मंगळवारी आल्या. पाहुण्यांच्या वहीत सही केली, वेळ टाकली. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवेना म्हणून सरळ खाली चटईवर बसल्या आणि मी बुटकं टेबल त्यांच्यापुढे ओढलं. त्यावर सकाळची उकड होती, रंग न घातलेली, पांढरी. त्यांनी चिमूटभर घेतली, चाचपली. "मऊ झालीय," म्हणाल्या. आणि मग कुणाकडे न बघता अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये ती इवलीशी चिमूट फिरवायला लागल्या. टपकन एक दाणा पडला. मग दुसरा. गव्हले! तांदळाच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकांना निमुळते. एका मिनिटात तीस-चाळीस असतील. मी लग्नघरात मांडलेल्या ताटात सोडून ते कित्येक वर्षांत बघितले नव्हते.

त्यांनी कुणाला बोलावलं नाही, कसं करायचं ते सांगितलं नाही. इंग्रजी येतच नव्हतं, हे एक बरं झालं. दोन मुलं आली, मग पाच. सगळ्यांच्या नजरा त्या दोन बोटांवर. एकीनं पूर्ण तळव्यात वळून बघितलं, झाली लांब अळी. एकानं बोटांत धरलं, ते चपटं झालं. एकाचे इतके जाडे झाले की आजी म्हणाल्या, "शेळीच्या लेंड्या रे!" आणि एकट्याच खूप हसल्या; मग कारण न कळता मुलंही हसली. ज्याला पेन्सिल मुठीशिवाय धरता येत नव्हती तो त्यांचा नातू अर्धा तास दोन बोटांत चिमूट धरून बसला होता. त्याचा एकही गव्हला गव्हल्यासारखा झाला नाही. त्यानं असाच एक वाकडातिकडा गोळा आजींच्या ढिगाशेजारी ठेवला. आजींचा हात तो नीट करायला पुढे आला. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं. मी खिशात हात घालून उभी होते. त्यांनी हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

जाताना म्हणाल्या, "बाई, खिरीत चालतील का हो हे?"

"मीठ फार आहे, आजी."

मार्चमध्ये त्या सोलापूरला परत गेल्या. गव्हले आम्ही खिडकीत वाळवले. आजींचे, मुलांचे, सगळे एकत्र. ते काचेच्या बरणीत कोलाजच्या गाडीवर आहेत. कुणीतरी बदली शिक्षिकेनं बरणीवर पट्टी लावून त्यावर 'राइस' असं लिहून ठेवलंय.